ओलिंग, ओलिंग! ताशकंदचे पहिले सहा दिवस

दिल्लीहून ताशकंदला विमानाने साधारण तीन तास लागतात, आणि इंदूरहून बसने भोपाळला जायला त्याहून जास्त वेळ जातो. हे गणित मी घरात दहा वेळा सांगितलं तरी आईला पटत नव्हतं. ती ८२ वर्षांची आहे. "तीन महिने परक्या मुलखात, तेही लोकांच्या घरी? काय करून राहिली तू?" एवढंच तिचं. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं, मागच्या वर्षी रिटायर झाले, हे माझ्याआधी दोन वर्षं, मुलगी तिच्या संसारात. मग ठरवलं की जायचं तर आता, गुडघे चालतायत तोवर. उझबेकिस्तान, मग ताजिकिस्तान, किर्गिझस्तान आणि शेवटी कझाकस्तानातल्या अल्माटीहून परत. टूर कंपनी नाही, आणि हॉटेलं जमेल तितकी टाळायची. घरांमधून राहायचं हा माझा हट्ट होता, कारण हॉटेलची खोली इथूनतिथून सारखीच असते.

पहिलं घर मिळालं ते भाच्यामुळे. तो जर्मनीत शिकत असताना त्याचा रूममेट ताशकंदचा होता, आणि त्या मुलाने स्वतःच फोन करून सांगितलं की माझे आईवडील असताना मावशी हॉटेलात उतरल्या तर मला घरात घेणार नाहीत. हे सगळं अर्धं जर्मन, अर्धं इंग्लिश, मध्येच एखादा हिंदी शब्द. मी हो म्हटलं खरं पण पोटात धाकधूक होती, ओळख ना पाळख, भाषा येत नाही, आम्ही पूर्ण शाकाहारी, आणि तो सगळा देश मांस खाणारा.

व्हिसाचं काम सोपं झालं. ई-व्हिसा आहे, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्टचा स्कॅन, फोटो आणि २० डॉलर, ३० दिवसांसाठी. पुढच्या देशांचे निराळे, कझाकस्तानला मात्र आपल्याला १४ दिवस व्हिसा लागत नाही. भेट काय न्यायची यावर घरात खूप चर्चा झाली. सेंव तर हवीच, दोन किलो घेतली, शंकरपाळे केले, आणि घरातल्या बाईसाठी महेश्वरी ओढणी घेतली. अहिल्याबाईंनी महेश्वरात विणकर वसवले आणि तिथलं सूत आजही चालू आहे, हे मला तिथे कुणाला तरी सांगायचं होतं.

गुरुवारी दुपारी उतरलो. घड्याळ अर्धा तास मागे केलं, बस्स. बाहेर साठीचे एक गृहस्थ डोक्यावर काळी-पांढरी चौकोनी टोपी घालून उभे होते, हातात भाच्याने पाठवलेला आमचा फोटो प्रिंट करून आणलेला. त्यांनी उजवा हात छातीवर ठेवला, थोडं वाकले, "असालोम अलायकुम" म्हणाले, ह्यांच्या हातातली बॅग काढून घेतली आणि शेवटच्या दिवसापर्यंत ती बॅग ह्यांना कधी उचलू दिली नाही. 

नाती समजून घेण्यातच पहिला तास गेला. तिथे थोरल्या भावाला अका म्हणतात, आपल्याकडे अक्का म्हणजे बहीण. थोरल्या बहिणीला ओपा. आणि त्या घरची सून सासूला ओयी म्हणायची आणि सासऱ्यांना दादा. म्हणजे ओयी ही आई आणि दादा हे वडील. मी सून सून म्हणतेय तिला ते केलिन म्हणतात, ती शाळेत शिकवते आणि तिला इंग्लिश येतं, तिचा नवरा कामाला कोरियात असतो. आमचं सगळं संभाषण सहा दिवस तिच्या तोंडून आणि फोनमधल्या ट्रान्सलेटच्या अ‍ॅपमधून चाललं. माझ्यापेक्षा घरच्या बाई चार वर्षांनी मोठ्या निघाल्या म्हणून त्या माझ्या ओपा आणि मी त्यांची सिंगलिम, म्हणजे धाकटी बहीण, आणि विमानतळावर आलेले त्यांचे यजमान आमचे अका. पाच मिनिटांत हे ठरून गेलं, वय विचारायला तिथे कुणी लाजत नाही.

घर जुन्या मोहल्ल्यात, तिथे महल्ला म्हणतात. रस्त्याकडून बघितलं तर नुसती मातकट भिंत आणि निळं दार, आत शिरलं की मोठं अंगण, त्याला होवली म्हणतात, आपली हवेलीच. द्राक्षाच्या वेलाचा मांडव, एका कोपऱ्यात तुतीचं झाड, आणि मांडवाखाली लाकडी चौथरा, पलंगापेक्षा मोठा, त्यावर रंगीत गोधड्यांसारख्या लांब गाद्या. मे महिना होता, इंदुरात ४२ डिग्री सोडून आले होते, आणि इथे त्या चौथऱ्यावर तुतीची काळी फळं टपटप पडत होती. तुतीला ते तूत म्हणतात. मला तिथेच बसून राहावंसं वाटलं.

संध्याकाळी चौथऱ्यावर दस्तरखान, म्हणजे जेवणाचं कापड, अंथरला. आणि आला पुलाव, त्याला ओश म्हणतात, गुरुवारी करायची पद्धत आहे. मोठं निळं-पांढरं ताट, पिवळ्या गाजराचे लांब तुकडे, बेदाणे, चणे, मधोमध लसणाचा अख्खा गड्डा. भाच्याच्या त्या रूममेटने आईला कळवलं होतं की पाहुणे गोश्तसिझ खातात, म्हणजे गोश्ताशिवाय. ओपाने त्याप्रमाणे आमच्या बाजूचे मांसाचे सगळे तुकडे अगदी निगुतीने वेचून काढले होते. भात मात्र त्याच कढईतला, त्याच चरबीत शिजलेला. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. ती बाई दुपारपासून त्या कढईपाशी उभी होती हो. अका सारखे म्हणत होते, ओलिंग, ओलिंग. म्हणजे घ्या, घ्या. पंगतीत आपले लोक जसे वाकून वाकून आग्रह करतात ना, अगदी तोच सूर, शब्द कळला नाही तरी आग्रह कळतो.

मी खोटं बोलले नाही, पोट बिघडलंय वगैरे. हात छातीवर ठेवला आणि सांगितलं की आम्ही हे खाऊ शकणार नाही, आम्हाला फक्त सब्जी चालेल. केलिन तेव्हा आत गेलेली होती. सब्जी हा शब्द ऐकून ओपाचा चेहरा उजळला, ती उठून गेली आणि धुतलेल्या गाजरांची ताटली घेऊन आली. उझबेकमध्ये सब्जी म्हणजे गाजर! आम्ही ती गाजरं खाल्ली, सोबत गरम नान, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर, दही. जेवण मस्त झालं पण ओपा नंतर फारशी बोलली नाही, आणि रात्री आतून फोनवर तिचा आवाज बराच वेळ येत होता. मुलाशी बोलत होती असं दुसऱ्या दिवशी समजलं. आईवर तो चिडला होता म्हणे की तू चरबी कशी घातलीस. मला फार वाईट वाटलं, चूक तिची नव्हती, "मांस खात नाही" म्हणजे नक्की काय काय खात नाही हे आम्हीच नीट समजावून सांगायला हवं होतं, तेल, रस्सा, कढई, सगळं. ज्यांना कुणाला असं घरी राहायचंय त्यांनी हे आधी लिहून पाठवा, आणि नुसतं काय नको ते लिहू नका, काय चालतं त्याची यादी द्या, समोरच्या बाईला तिचा उपयोग असतो.

ओढणी त्याच रात्री दिली. ओपाने ती अंगावर घेतली नाही, आधी दिव्याखाली नेली. किनार चिमटीत धरली, उलटली, पुन्हा सुलटी केली, पुन्हा उलटली. महेश्वरीची किनार दोन्ही बाजूंनी सारखी असते, उलट-सुलट कशीही नेसा, हे मी तोंडाने सांगायच्या आत त्या बाईच्या बोटांना समजलं होतं. मग म्हणाली की तिची आई फरगाना खोऱ्यातली, मार्गिलानची, तिथे रेशीम विणतात. अहिल्याबाईंचं सांगायचं राहूनच गेलं.

सकाळी साडेपाचला खर्र खर्र आवाजाने जाग आली. खिडकीतून बघते तर केलिन डोक्याला रुमाल बांधून अंगण झाडतेय, झाडून झाल्यावर पाणी शिंपडलं, मग दार उघडून बाहेरचा रस्ताही झाडला, शेजारच्या घराच्या हद्दीपर्यंत, आणि तिथून पुढे शेजारची सून झाडत होती. अगदी आजीच्या वेळचा सडा. आमचं इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं येतं याचा मला अभिमान आहेच, पण तो गाड्यांचा आणि माणसांच्या सवयीचा परिणाम आहे, आणि हे इथलं कुणी न सांगता चाललेलं. तरी केलिनकडे बघताना दुसरंही मनात आलं, की ही मुलगी साडेपाचला झाडते, आठला शाळेत उभी असते, आणि नवरा कोरियात. नंतर मी तिला विचारलं तर म्हणाली, सगळ्या केलिन करतात. याच्या पुढे मी काही बोलले नाही, मला तो अधिकार नव्हता.

शुक्रवारी सकाळीच अका आमचे पासपोर्ट मागायला आले. तिथे नियम असा की परदेशी माणूस ज्याच्या घरी उतरेल त्याने तीन दिवसांच्या आत त्याची नोंदणी करायची, हॉटेलवाले आपोआप करतात, घरी राहिलात तर घरमालकाने करायची. त्या ऑनलाइन पद्धतीचं नावच ई-मेहमोन आहे, मेहमोन म्हणजे पाहुणा. पासपोर्ट हातावेगळा करायला मन तयार होत नव्हतं, म्हणून हे बरोबर गेले. दोन तासांनी कागद घेऊन आले. हे म्हणाले, मी फी द्यायला पाकीट काढलं तर अकांनी माझा हात धरून खिशात परत घातला. तो कागद जपून ठेवा, फोटो काढून ठेवा, पुढे विचारतात.

मी मात्र घरी राहिले होते, ओपाबरोबर स्वयंपाकघरात. तिथे मुख्य गोष्ट घडली. मी ट्रान्सलेटवर लिहिलं, तुमच्याकडे कोणती धान्यं आहेत? तिने फडताळ उघडलं आणि एकेक बरणी खाली काढली. तांदूळ. चणे, त्याला नोखत. जिरं, त्याला झिरा, वास घेतला तर आपल्याहून थोडा उग्र. पाट्यावर शेपूची जुडी पडलेली, ते लोक शेपू सगळ्यांत घालतात, मला आवडतो, ह्यांना अजिबात नाही. आणि शेवटच्या बरणीत हिरवे मूग. अख्खे, बारीक, अगदी आपले. मी बरणी हातात घेतली. ओपा म्हणाली, मोश. मग तिने मूग आणि तांदूळ शेजारी शेजारी ठेवले, दोन्हीवर हात फिरवून पातेल्यात ओतल्यासारखं केलं आणि म्हणाली, "मोशकिचिरी?"

मी किंचाळलेच! खिचडी! किचिरी म्हणजे खिचडीच की. मी "खिचडी, खिचडी" म्हणतेय, ती "किचिरी, किचिरी" म्हणतेय, दोघी एकमेकींचे हात धरून. केलिन शाळेतून आली तर तिला वाटलं काहीतरी मोठं झालंय. त्यांच्याकडे ती गोश्त घालूनच करतात, पण ओपाने त्या दिवशी नवं पातेलं काढलं, खरंच नवं, लेबल खरवडून, आणि सरकीच्या तेलात कांदा लालबुंद परतून, पिवळं गाजर, जिरं, मूग, मग तांदूळ. मऊ, आसट, वरून दह्याचा गोळा. ह्यांनी तीनदा घेतली. अका दर वेळी ओलिंग म्हणत होते आणि मी बोल्दी म्हणजे पुरे म्हणायला शिकले, पण बोल्दी एकदा म्हणून भागत नाही, आपल्याकडे पानावर आडवा हात धरावा लागतो तसा तिथे तो निदान तीनदा म्हणावा लागतो.

शनिवारी शेजारच्या बायका आम्हाला बघायला आल्या. आठ-दहा जणी, साठी-सत्तरीच्या, सोन्याचे दात, अंगावर रंगीबेरंगी रेशीम. हिंदुस्तान म्हटलं की त्यांना राज कपूर आणि मिथुन, दोघींनी तर गाणं म्हणून दाखवलं, शब्द चुकीचे आणि चाल बिनचूक. 

मला वाटलं आता तरी हातभार लावावा. तीन दिवस नुसती बसून खातेय, ताट उचलू देत नाहीत, विसळू देत नाहीत. म्हणून मी किटली घेतली आणि सगळ्यांच्या वाट्यांमध्ये चहा ओतायला लागले. त्यांचा हिरवा चहा, बिनदुधाचा, बिनदांडीच्या वाटीत, त्याला पियोला म्हणतात. आपल्या सवयीने काठोकाठ भरल्या, अर्धा कप दिला तर आपल्याकडे चिक्कू म्हणतात. पहिली म्हातारी वाटीकडे बघत बसली. दुसरी हसली पण गप्प झाली. केलिनने पटकन माझ्या हातातून किटली घेतली आणि कानात सांगितलं की इथे पाहुण्याला चहा थोडाच ओततात. थोडा म्हणजे मान, कारण मग पुन्हा पुन्हा ओतता येतो, माणूस बसून राहतो. वाटी भरून दिली म्हणजे "आता तुम्ही या."

मग तिने तिथेच सगळं दाखवलं. आधी किटलीतून पियोलात चहा ओतायचा आणि परत किटलीत, असं तीनदा. पहिला लोय, दुसरा मोय, तिसरा चोय. पहिला चिखल, दुसरा तेल, तिसरा चहा. मग पियोलात तळाशी दोन घोट, उजव्या हाताने द्यायचा, डावा हात छातीवर. मी सगळ्या वाट्या परत मागून घेतल्या आणि पुन्हा ओतल्या. सोन्याच्या दातांच्या त्या आजीने माझ्या गालावर हात ठेवला.

रविवार भटकण्यात गेला. मेट्रो १९७७ ची आहे, मध्य आशियातली पहिली, एकेक स्टेशन राजवाड्यासारखं, एकावर अंतराळवीरांची चित्रं आहेत. पूर्वी आत फोटो काढायची बंदी होती, २०१८ मध्ये ती उठली. चोर्सू बाजारात ह्यांनी भाव करायचा प्रयत्न केला. डॉलरला साधारण १२,००० सोम, म्हणजे अर्धा किलो चेरी घेताना हजारांची बंडलं मोजायची, आणि मी तोंडी हिशोब करते म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत. हिशोबाला तेही हिसोबच म्हणतात. पण मला बाजारापेक्षा घरी परतायची ओढ होती हे खरं.

आता सोमवारचं सांगते, ते सांगायलाच हवं.

आईने निघताना एकच काम सांगितलं होतं. ताशकंदला शास्त्रीजींचा पुतळा आहे तिथे माझा नमस्कार सांग. १९६६ च्या जानेवारीत १० तारखेला तिथे करार झाला आणि ११ ला पहाटे शास्त्रीजी गेले, तेव्हा आई २३ वर्षांची होती. तिला अजून आठवतं की शेजाऱ्यांकडे रेडिओ लागला होता आणि सगळी गल्ली त्या एका खोलीत उभी होती. त्याच वर्षी २६ एप्रिलला ताशकंदला मोठा भूकंप झाला, शहर कोसळलं, पुन्हा बांधलं, म्हणून आजचं शहर असं रुंद रस्त्यांचं. तिथे शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे, शाळा आहे जिथे हिंदी शिकवतात. आम्ही पुतळ्यापाशी गेलो, मी आईला व्हिडिओ कॉल लावला, तिने इंदूरहून फोनच्या पडद्याला हात जोडले. अका बरोबर होते, त्यांनी टोपी नीट केली आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

निघण्याआधी सकाळी मी एक गोष्ट केली होती. बुधवारी समरकंदला जायचं होतं, सहा दिवस हे लोक आमच्यासाठी खर्च करतायत, कोरियातून पैसे येतात तेव्हा घर चालतं हे दिसत होतं, आणि हातात तर काही घेणार नाहीत. म्हणून पाकिटात २०० डॉलर घालून गादीच्या घडीखाली ठेवले, म्हणजे आम्ही गेल्यावर मिळतील. पण त्या गाद्या केलिन रोज सकाळी घडी करून कोनाड्यात रचते हे माझ्या लक्षातच आलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर दस्तरखान मांडलेला, नान, खडीसाखर, तुती, सगळं जिथल्या तिथे, आणि माझ्या जागेसमोर ते पाकीट. अका आमच्याबरोबरच आत आले, ओपाने त्यांना चार शब्द सांगितले, आणि ते बाजूला जाऊन बसले. ओपाने केलिनला काहीतरी विचारायला लावलं. केलिन खाली बघत म्हणाली, "ओयी विचारतायत, जेवणात काही कमी पडलं का?"

मला काय बोलावं सुचेना. आमच्या घरी लोकमान्य नगरात खांडव्याचे, बऱ्हाणपूरचे नातेवाईक औषधोपचाराला येऊन महिना महिना राहायचे. एकदा एक काका जाताना पोळ्यांच्या डब्यात पैसे ठेवून गेले. आईला संध्याकाळी कणीक मळताना सापडले. ती तिथेच बसून रडली होती, मी आठवी-नववीत असेन, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी मनिऑर्डरने ते पैसे परत पाठवले. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. आणि तरी मी तेच केलं. आपण यजमान असताना आपल्याला जे कळतं ते पाहुणे झालो की कसं काय विसरतं, याचा मी त्या रात्री फार विचार केला.

ट्रान्सलेट बाजूला ठेवलं. केलिनला ती आईची गोष्ट सांगितली, सगळी, डब्याची, कणकेच्या हातांची, मनिऑर्डरची, ती एकेक वाक्य करून सांगत गेली. ओपा ऐकत होती. मग मी पाकीट दोन्ही हातांनी उचललं, पर्समध्ये टाकलं आणि हात छातीवर ठेवला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग अका उठून आले, चौथऱ्यावर बसले आणि म्हणाले, "मेहमोन ओतांगदान उलुग." पाहुणा बापापेक्षा मोठा. त्यांनी किटली घेतली, तीनदा फिरवून ओतली, लोय, मोय, चोय, आणि माझ्यापुढे पियोला ठेवली. तळ जेमतेम झाकेल एवढा चहा. इतका थोडा मला आजवर कुणी दिला नव्हता. मी तो घेतला आणि वाटी पुढे केली, त्यांनी पुन्हा तेवढाच ओतला. रात्री अकरापर्यंत हे चाललं.

मंगळवारी मी काहीच केलं नाही. ठरवूनच. ओपाने बस म्हटलं तिथे बसले, खा म्हटलं ते खाल्लं, झोप म्हटलं तेव्हा तुतीखाली झोपले. माझ्यासारखीला ते सोपं नाही, ३१ वर्षं घड्याळाच्या तासावर उभं राहण्यात गेली. दुपारी तिने शेजारच्या तंदूरवर नान लावायला नेलं, तिथे तंदीर म्हणतात, गोळा थापून मधोमध खिळ्यांचा ठसा मारतात म्हणजे मधला भाग फुगत नाही, वरून तीळ किंवा कलौंजी. नान कधी पालथं ठेवायचं नाही आणि सुरीने कापायचं नाही, हाताने तोडायचं. मी एक पालथं ठेवलं तर तिने न बोलता सुलटं केलं, आपण पुस्तकाला पाय लागला की डोक्याला हात लावतो ना, तसं. संध्याकाळी मला मार्गिलानचं रेशीम दिलं, निळं-पिवळं-तांबडं, रंग एकमेकांत पाझरल्यासारखे. मी "कशाला, कशाला" म्हटलं नाही. रहमत, म्हणजे धन्यवाद, म्हटलं आणि तिथेच, तिच्यासमोर, खांद्यावर घेतलं.

बुधवारी सकाळी आफ्रोसियोब नावाची वेगवान आगगाडी, समरकंदला साधारण दोन तासांत पोचवते, तिकिटं मात्र खूप आधी काढावी लागतात, आम्ही इंदूरहूनच काढली होती. बॅगा दारात, टॅक्सी आलेली. ओपाने कालच्या नानांमधलं एक आणलं, माझ्यापुढे धरलं आणि चावायची खूण केली. मला वाटलं रस्त्यासाठी देतेय म्हणून मी पिशवी पुढे केली. नाही नाही, केलिन म्हणाली, एकच घास घ्या, चावून, हाताने तोडायचं नाही. मी एका कडेला घास घेतला, ह्यांनी दुसऱ्या कडेला. ओपाने ते नान फडक्यात गुंडाळलं आणि आतल्या खोलीत भिंतीवर एक खिळा होता तिथे टांगलं. तिथे आधीच एक टांगलेलं होतं, वाळून लाकडासारखं झालेलं, एका बाजूला चावल्याची खूण.

ते कुणाचं हे विचारायला लागलं नाही. केलिन त्याच्याकडेच बघत होती.

प्रवासाला निघालेला माणूस घास घेतो आणि राहिलेलं नान त्याच्यासाठी तसंच ठेवतात, तो परत येऊन खातो. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, परतीचं तिकीट अल्माटीहून दिल्लीचं आहे, ते बदलायला किती लागतील बघ जरा. मी फोन काढला आणि बघायला लागले.